त्या गावाचा डॉक्टर

मुलगा अमेरिकेत आहे म्हटलं की कोथरूडमध्ये लोक लगेच विचारतात, "न्यू जर्सी की कॅलिफोर्निया?" आमच्या सोसायटीत तिसरं उत्तर चालतच नाही. माझा मुलगा होता तिथे चहूकडे गव्हाची शेतं, एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि एक लहानसा दवाखाना. डॉक्टर तो एकटाच.

हे गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे राहायला गेले. शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. गावातल्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मीही शाळेतच आयुष्य काढलेलं, त्यामुळे आमचं जमलं. संध्याकाळी त्या मला गाव दाखवायला न्यायच्या. दाखवायला होतं काय? बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. आगगाडी आली म्हणून गाव वसलं, असं त्या सांगायच्या. परदेशातून आलेल्या शेतकऱ्यांनी गहू पेरला, बँक निघाली, थिएटर निघालं. मग मोठी यंत्रं आली आणि शेतांना माणसं लागेनाशी झाली. गाडी थांबायची बंद झाली. मुलं शिकायला गेली ती गेलीच. शेवटी शाळेलाही कुलूप लागलं. बाईंची मुलंही दूर शहरांत.

"तुम्हाला एकटं वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं ना. पण आता तुमचा मुलगा आहे. छातीत दुखलं तर शेजारी डॉक्टर आहे, तेवढ्यावर मला झोप लागते."

आदल्याच आठवड्यात जेवताना मी मुलाला म्हटलं होतं, "मला एकटीला आता जमत नाही रे. तू परत ये." रडले नव्हते, पण रडण्याच्या बेतात होते, आणि ते त्याला दिसेल अशी बसले होते. त्याने ताटातली पोळी संपवली. मग म्हणाला, "येतो, आई."

मी निघायच्या आधी गावाने चर्चच्या हॉलमध्ये माझ्यासाठी जेवण ठेवलं. मी शाकाहारी म्हणून बायकांनी बटाट्याचेच नाना प्रकार करून आणले होते. एक म्हातारा शेतकरी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचा मुलगा आम्हाला दिलात. उपकार आहेत तुमचे." मुलगा समोरच उभा होता. त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी "थँक्यू" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

हिवाळा संपता संपता तो आला. आता इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये असतो. त्याच्याच विषयाचे डॉक्टर तिथे ढीगभर आहेत. संध्याकाळी दारात त्याची गाडी वाजली की मला बरं वाटतं, ते मी नाकारणार नाही. त्या गावाला मात्र दुसरा डॉक्टर मिळालेला नाही. बाहेरून कुणीतरी आठवड्यातून एकदा येऊन बसतो.

हे मला बाईच फोनवर सांगतात. परवा त्यांचा फोन आला तो घर विकल्याचं सांगायला. मुलीकडे राहायला चालल्या आहेत. डॉक्टर नसलेल्या गावात आईला ठेवायची मुलीला धास्ती वाटते.

"माझ्यामुळे झालं हे. मीच त्याला बोलावून घेतलं," मी म्हणाले. इतके दिवस हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मीही माझ्या मुलांना बोलावलं होतं. तुमचा आला, एवढंच."

रात्री जेवताना मी मुलाला घर विकल्याचं सांगितलं. "त्यांच्या हृदयाच्या गोळ्या बदलायच्या राहिल्या होत्या," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. ताटात अर्धी पोळी तशीच होती.