मालनबाईच्या वाडीचा धुरा

आमच्या आंधळगावात घरामागच्या मोकळ्या जागेला वाडी म्हणतात. मालनबाईची वाडी आमच्या घराला लागूनच आहे. मध्ये तुराट्यांचं कुंपण. त्यांची जागा उंचावर, आमची उताराला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या वाडीतली मिरची न विचारता तोडत आले आहे, आणि मालनबाईनं कधी हिशेब विचारला नाही.

त्या वाडीला आधी काही आखणी नव्हती. जिथं बी पडलं तिथं वांगं, कुंपणावर पोपटाचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, वेल, न्हाणीच्या पाण्यावर हळद. मालनबाई सकाळी तुळशीला पाणी घालून आत शिरायची ती ओटीत काहीतरी घेऊनच बाहेर यायची. चौथी शिकलेली बाई, पण कोणतं झाड रुसलं आहे ते तिला दुरून कळतं.

मागच्या वर्षी लक्ष्मणरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, शेती पोराच्या हाती दिली. गुडघे गेले होते. चाळीस वर्षं धान लावलेला माणूस घरी बसेल कसा? म्हणाले, "यंदा वाडी मी नीट करून देतो." आणि केली. दोरी लावून जमीन अशी सपाट केली की आरशासारखी. चारही बाजूंनी हातभर उंच धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला. लोक बघायला यायचे. माझे यजमान धनीराम म्हणाले, "लक्ष्मणभाऊ, आता रोवणा कवा हाय?" रोवणा म्हणजे भाताची लावणी. सगळे हसले, पण खरी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. लक्ष्मणरावांनी वाडीची धानाची बांदी, म्हणजे बांध घातलेलं भातखाचर, करून ठेवली होती. धानाला पाणी साचलेलं लागतं. मिरचीला लागत नाही.

श्रावणात चार दिवस झड लागली आणि वाडीत घोट्याइतकं पाणी उभं राहिलं. मिरची गेली, वांगी गेली, हळदीचे कंद जमिनीतच सडले. मालनबाई एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्या दिवसापासून लक्ष्मणराव मागच्या दारानं बाहेर पडेनात. समोर खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही तर नाही.

होळी झाल्यावर पोरगा चंद्रकुमार म्हणाला, "माय, मांगं सिमेंट टाकून टाकू. ट्रॅक्टर ठेवाले जागा होईन." मिस्त्रीशी बोलूनही आला. पोरगा वाईट नाही, त्याला आपली सोय दिसते. मालनबाईनं त्याच्याकडून अक्षय तृतीयेपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि माझ्याकडे आली. चहा पुढे ठेवला तरी घेईना.

"मंदा, भाजी का बजारात भेटत नाई? तिच्यासाठी नाई म्हणत मी. मांगं सिमेंट पडलं न, तं हा मानूस त्या खुर्चीतून उठत नाई, पाह्य. सांगून ठेवतो तुले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे ताक द्यायला गेले. बघते तर मालनबाई नवऱ्याच्या खुर्चीसमोर अंगणात बसलेली. चुलीतल्या राखेनं जमिनीवर मोठा चौकोन काढला होता. त्यात एका ठिकाणी वाळलेली मिरची ठेवली, एका ठिकाणी हळकुंड, एका ठिकाणी वांग्याचा देठ.

लक्ष्मणराव खुर्चीतून पुढे वाकले. मग म्हणाले, "काय करून राहिली?"

"वाडी करून राहिली."

"मिरची तिथं मरन."

"काहून?"

"सपाट केली तरी त्या कोपऱ्यात थोडा ढाळ हाय. पानी तिथंच येऊन बसते."

"मंग कुठं ठेवू? जमीन तुमी केली, मले काय मालूम."

मला वाटलं आता ते मान फिरवतील. त्यांनी काठी पुढे केली आणि टोकानं मिरची सरकवत वरच्या अंगाला नेली. मग हळकुंड उगवतीला, भिंतीच्या सावलीत. मग म्हणाले की भाजीला सपाट जमीन नको, उंच वाफे पाहिजेत, आणि दोन वाफ्यांच्या मध्ये नाली. मालनबाई बोटानं राखेत रेघा ओढत गेली. माझ्या हातातलं ताक तसंच.

सगळ्या नाल्या खालच्या कोपऱ्यात आल्या आणि काठी थांबली.

"आता पानी भायेर काढाचं तं धुरा फोडा लागते," मालनबाई म्हणाली.

"अन् जाईन कुठं? धनीरामच्या घरात?" लक्ष्मणराव म्हणाले आणि काठी मांडीवर घेऊन बसले.

हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे दुसऱ्याचा धुरा फोडणं किंवा आपलं पाणी दुसऱ्याच्या अंगावर सोडणं ही लहान गोष्ट नाही. एका कमी पावसाच्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्यानं लक्ष्मणरावांची बांदी फोडून पाणी नेलं होतं. त्यावरून दोन घरं बारा वर्षं बोलली नाहीत, लग्नाला गेली नाहीत, मयतीलाही नाही. मी म्हणाले, "भाऊजी, येऊ द्या न आमच्याकडं." बायकांच्या बोलण्यावर असा करार होत नसतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मालनबाईनं राखेच्या चौकोनावर टोपली पालथी घातली, कोंबड्यांनी विसकटू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते तर दारात काठी वाजली. लक्ष्मणराव आले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते आमच्या घरी आले. धनीराम दाढी करत होते, तसेच साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आले.

"धनीराम, वाडीचा धुरा खालतून फोडाचा म्हनतो. पानी तुह्या आंगनात येईन. तुही परवानगी पायजे."

धनीराम म्हणाले, "लक्ष्मणभाऊ, धुरा फोडाले परवानगी मांगनारा मानूस मी जिंदगीत पयला पाह्यला. लोक पयले फोडतात, मंग कोर्टात भेटतात."

लक्ष्मणराव हसले. मग म्हणाले, "हाव का नाई, ते सांग."

"हाव. माह्या केळीले होईन. पन मासोळी आली तं माही."

अक्षय तृतीयेला मालनबाईनं पितरांच्या नावानं नवी घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला, हात जोडले आणि मग मागचं दार उघडलं. लक्ष्मणरावांना खाली बसता येत नाही, म्हणून पाटावर पाट ठेवून दिला. त्यांनी धुऱ्याला आधी हात लावला, मग खुरपी. माती सुकून दगड झाली होती. अर्धा तास लागला. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. पाण्याचं तोंड मोकळं झालं तरी त्यांनी धुरा पूर्ण काढला नाही. खालच्या कोपऱ्यात तोंडाशेजारी खाटेएवढी जागा तशीच बांधलेली ठेवली.

"हे काहून ठेवलं?" मालनबाईनं विचारलं.

"इथं कोचई लाव. तिले पानी चालते." कोचई म्हणजे अळू. "एवढी बांदी माही."

"ठेवा बापा. तुमाले बांदीबिगर झोप नाई येत."

मालनबाईनं आणि चंद्रकुमारनं राखेतल्या रेघांप्रमाणे नाल्या ओढून वाफे केले, मग चंद्रकुमारनं नळी लावून पाणी सोडून बघितलं. अर्ध्या वाटेवर पाणी अडलं. लक्ष्मणरावांनी बसायचा पाट पुढे सरकवला, दोन बोटं माती काढली, पाणी पुढे आलं. पुन्हा अडलं, पुन्हा पाट सरकला. असं करत करत ते आमच्या केळीपर्यंत आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

चंद्रकुमारनं नळ बंद केला आणि हात पुसत म्हणाला, "बाबा, मिस्त्री उद्या येतो म्हनते. त्याले काय सांगू?"

लक्ष्मणराव वाफ्याची माती थोपटत होते. वर न बघताच म्हणाले, "त्याले राहू दे. तू उद्या ट्रॅक्टरनं शेनखत आनून दे. अन् कुजलेलं पायजे, कच्चं आनशीन तं वापस नेशीन."