शाळेची अब्रू मी राखली!

सन दोन हजार चोवीस, महिना फेब्रुवारी, ऋतू शिशिर; देवासला सकाळी बोटे गारठत होती. तारखेबाबत मी काटेकोर आहे. अकलेचे काय झाले, ते ऐका!

मी जुनी मॅट्रिक. इथल्या सरकारी कन्याशाळेत सदतीस वर्षे शिकवले. आता मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी, शुभांगी. छताचा नेम नाही म्हणून दोन खोल्यांना कुलूप, आणि चिमुकल्या मुली व्हरांड्यात, बोचऱ्या वाऱ्यात.

अशात कळले, की सरकार जनतेला रोखे विकून त्या पैशातून इमारती बांधणार. शुभांगीने अर्ज केला. नियम आले: जागा सरकारी हवी आणि जुनी इमारत दुरुस्तीपलीकडे गेलेली हवी. नुसत्या डागडुजीला छदामही नाही. पाहणीला इंजिनियर येणार.

"बाई, मला त्या दिवशी मीटिंग आहे. तुम्ही शाळा दाखवाल?"

"न दाखवायला काय झाले? नियम मला तोंडपाठ आहेत!"

पाठ होते हो! पण पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या घराण्यात आधी काय करतात? उणे झाकतात! मी चुना मारून घेतला, भेगा लिंपवल्या, पोपडे सुटलेल्या भिंतीवर जाजम टांगले. दारात रांगोळी.

इंजिनियर आला. अगदी कोवळा.

"माताजी, छत टपकती है क्या?"

आता तुम्हीच सांगा, परक्यापुढे आपले गळके छप्पर कोणी कबूल करते?

"बिलकुल नहीं! हमारे यहाँ किसी बात की कमी नहीं!" वर पोहे वाढले.

त्याने लिहिले: इमारत उत्तम, सबब अपात्र.

"बाई, ये क्या कर दिया आपने!" शुभांगी म्हणाली. "आता या लेकरांना कुठे बसवू?" रागावली नाही, नुसते डोळे भरले. तेच मला लागले.

दुसऱ्या सकाळी मी वळणदार अक्षरात कबुलीजबाब लिहिला आणि स्वतः इंजिनियरच्या कार्यालयात नेऊन दिला.

"माताजी, अपनी ही शिकायत?"

"हाँ. और जल्दी आइए."

तो पुन्हा आला. मी जाजम ओढले मात्र, पोपड्यांचा ढीग थेट त्याच्या बुटांवर! मला कोण अभिमान वाटला!

"और दिखाऊँ?"

"बस माताजी, बस! दीवार तो रहने दो!"

चैत्रातल्या एका मंगळवारी पत्र आले: इमारत धोकादायक, पाडण्यायोग्य, नव्या बांधकामास पात्र. शुभांगीने मला मिठीच मारली. आणि जिच्या भिंतींवर मी जन्मभर साधा शाईचा डाग खपवून घेतला नाही, त्या शाळेसाठी मी गल्लीभर पेढे वाटत सुटले.

"काकीजी, किस खुशी में?" शेजारच्या भाभीने विचारले.

"अरी, हमारी स्कूल पास हो गई! गिराने लायक निकली!"