गड्यांचा जिना

पांढुर्ण्यात मी ज्या घराच्या माडीवर राहतो, त्याला दोन जिने आहेत. पुढचा सागवानी, रुंद, घरमालकांच्या बैठकीतून वर येणारा. मागचा दोन भिंतींच्या मध्ये कोंबलेला, दगडी, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. कापसाचा व्यापार जोरात होता तेव्हा कोण्या शेठजीनं हे घर बांधलं आणि गडी-बाया पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून हा मागचा जिना काढला. अजूनही त्याला गड्यांचा जिनाच म्हणतात. जुनं घर पाहायला बाहेरगावचे लोक येतात, पुढच्या जिन्याच्या कठड्याचे फोटो काढतात. मागच्या जिन्याचा फोटो काढताना मी कोणाला पाहिलं नाही.

भाडेकरूंनी मागच्या जिन्यानं यायचं, हे घर घेतानाच ठरलं होतं. माडीवरून पुढच्या जिन्याकडे जाणाऱ्या दाराला कुलूप होतं आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला हेच घर हवं होतं. तहसील कचेरीतली नोकरी, याहून सोयीच्या खोल्या गावात मिळत होत्या. पण माझी माय तरुणपणी याच घरात पऱ्हाटी टाकायची. जाम नदीच्या पलीकडून, सावरगावहून, कापसाच्या वाळल्या काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन यायची आणि माडीवरच्या चुलीसाठी हा जिना चढायची. वरपर्यंत नाही. जिना जिथं वळतो तिथली पायरी जरा रुंद आहे. तिथं भारा ठेवायचा, "ठेवलं जी" म्हणून आवाज द्यायचा आणि आल्या पावली उतरायचं. ती पुरती खाली गेली की मगच वरची बाई तो भारा उचलायची.

त्या वळणापुढं तिला पाऊल टाकू दिलं नाही ना, मग मी तिला माडीवर पलंग टाकून बसवणार, अशा हट्टाला पेटलो होतो. तिला काय हवं ते विचारलं नाही. सावरगावचं अंगण आणि विहारातल्या बाया सोडून तिला यायचंच नव्हतं.

"तिथं काय करू मी बापू?" एवढंच म्हणाली.

"काही करू नको. फक्त राहा."

ती आली. पौर्णिमेला आणि रविवारी विहारात जायची, एरवीही रोज एकदा तरी खाली उतरून गल्लीतल्या बायांत बसायची. उतरणं कसंबसं जमायचं. चढताना मात्र ती वळणावरच्या पायरीवर थांबायची. हात भिंतीला, मान खाली, आणि थोडं खोकायची. पहिल्यांदा ते पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, इतकी वर्षं झाली तरी ही अजून या पायरीपुढं यायला वरून कोणी हो म्हणायची वाट पाहते आहे.

"माय, इथं काऊन थांबून राहिली? आपलं घर आहे हे."

"दम घेऊन राहिली रे बापू. गुडघे ऐकत नाही माहे."

"दम वर येऊन घे. इथं थांबायचं नाही."

ती खरं सांगत होती. पण मला माझंच खरं करायचं होतं. कचेरीत साहेबासमोर खालमानेनं उभा राहणारा मी, आईची मान वर करायला निघालो होतो. ती थांबलेली दिसली की मी वरून ओरडायचो. एकदा बायकोसमोर म्हणालो, "जुनी सवय जात नाही हिची." त्या दिवसापासून मायनं वळणावर थांबणं सोडलं. खाली पदर खोचायची, एका दमात वर यायची आणि दाराची चौकट धरून तोंडानं श्वास घेत उभी राहायची. मला जिंकल्यासारखं वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

एका रविवारी दुपारी ती विहारातून परतली. मी वरच्या दारात उभा होतो. वळणापाशी तिची चाल मंदावली. तिनं वर पाहिलं, मी दिसलो, आणि ती पुढं चढली. तिसऱ्या पायरीवर गुडघा वाकला आणि ती मागं कोसळली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन आली, पण तिला त्यावर ठेवल्यावर ते वळणावर वळेना. तिरपं करून पाहिलं, तर माय किंचाळली. आवाज ऐकून म्हातारे घरमालक आले आणि म्हणाले, "वर घ्या तिले, पुढून उतरवा." त्यांनीच बैठकीतून वर येऊन कुलूप काढलं. आम्ही तिला चादरीत उचलून माडीवर आणलं, तिथं स्ट्रेचरवर ठेवलं आणि पुढच्या जिन्यानं खाली नेलं. ठेंगण्या पायऱ्या, दोन्हीकडं कठडा. तेवढ्या कळांतही ती मान वळवून पाहत होती.

"इतका सोपा जिना व्हता काय रे इथं?"

घरमालक मागून उतरत होते. म्हणाले, "म्हाताऱ्या बाईसाठी कवाही खोलून देलं असतं भाऊ. तुमी कधी बोललेच नाही." मला त्यांचा संताप आला. रोज तिला मागून चढताना ते पाहत होतेच की. पण मी मागितलं नव्हतं, हेही खरं होतं. त्यांच्यापुढं तोंड वेंगाडायचं नाही, ही माझी ऐट माझ्या मायच्या गुडघ्यांनी सांभाळली.

नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. छातीत कफ भरत गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, कशी पडली? माय सगळ्यांना एकच सांगायची, "मीच घाई केली." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा असायचो. तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणसं जमली. पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी उत्तर द्यायला ती नव्हती, तर मीच म्हणालो, "घाई केली तिनं."

रामाकोना गावाहून आलेली मावशी, मायची धाकटी बहीण, शेजारी बसली होती. दोघींनी मिळून पऱ्हाटी वाहिली होती. ती म्हणाली, "माही बहीण घाई करनारी नव्हती." आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.

मी चहाचं पाहायला उठलो.