धुळा बंडगराच्या बरगडीतली नळी

आटपाडीच्या अंगाला माळावर राहणारा धुळा बंडगर माणसांना मेंढरांच्या मापानं मोजायचा, आणि त्या मापात बहुतेक माणसं उणीच भरायची. सरपंच म्हणजे खच्ची केलेला बोकड. नदीकाठचे ऊसवाले म्हणजे पाणी पिऊन फुगलेली ढोरं. तलाठी, मास्तर, बँकेतला साहेब यांच्यावर तर त्यानं थुंकीसुद्धा वाया घालवली नव्हती. आणि डॉक्टर? ज्यांना साधं बकरं सोलता येत नाही, त्यांनी माणसाच्या पोटात हात घालावा हेच त्याला हसायला पुरायचं.

ही मिजास उगाच नव्हती. म्हसोबाच्या जत्रेला भावकीचं बकरं तोच सोलायचा. त्यांच्यात रीत अशी की काळीज, म्हणजे कलेजी, निखाऱ्यावर भाजून पहिला घास देवाला. पण काळजाला पित्ताची पिशवी बिलगलेली असते. ती फुटली की काळीज कडूजहर, आणि देवाचा घास नासला. धुळाच्या हातून ती कधी फुटली नव्हती. दोन बोटं आत, बारीक हिसका, पिशवी अख्खी बाहेर. ती कुत्र्यापुढं फेकताना तो भोवतालच्यांकडं असा बघायचा, की ज्याला त्याला आपले हात पाठीमागं लपवावेसे वाटायचे.

अशा माणसाला त्याच्याच पित्ताच्या पिशवीनं आडवा केला. उजव्या बरगडीखाली कळ, अंगात ताप, तोंडाला पाणी चालेना. पुतण्या धनाजीनं जीपमध्ये घालून सांगली गाठली. तिथं कळलं, पिशवी खड्यांनी गच्च भरलीय, आत पू झालाय. वर साखर वाढलेली आणि हृदय दमलेलं. डॉक्टर राजेश्वरी, धुळाच्या नातीच्या वयाची पोर. तिनं बरगडीतून बारीक नळी घालून पू बाहेर काढला. ताप उतरला.

"आजोबा, आत्ता ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही," ती म्हणाली. "सगळं सुजून एकमेकाला चिकटलंय. सूज उतरू द्या. दीड-दोन महिन्यांनी पिशवीच काढून टाकू. तोवर नळीला हात लावायचा नाही."

"दोन म्हैनं? एका पिशवीला?" धुळानं खाटेवर पडल्या पडल्या दोन बोटं वर केली. "हे बघ पोरी. ह्या दोन बोटांचं काम हाय ते."

"बकरं मेलेलं असतं आजोबा. मला तुम्हाला जिवंत ठेवून काढायचीय."

धुळानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

घरी आला तो कमरेला नळीतनं गळणाऱ्या पिवळ्या-हिरव्या पाण्याची थैली बांधून. दुखणं थांबलं होतं. भाकरी पचायला लागली तशी जीभही सैल सुटली. "दुखत हुतं तवा म्हनली, आत्ता नगं. आता दुखायचं थांबलंय, तर म्हनती कापाय ये. हिला डाक्टर कुनी केली?" मग पारावर बसून त्यानं जाहीर केलं, जत्रा झाली की ही नळी मीच उपसणार आणि सांगलीचं तोंड बघणार नाही.

बायको भामाबाईनं त्याची तुच्छता जन्मभर कालवणासारखी रोज खाल्ली होती. ती म्हणाली, "उपसा की. मग तुमचं काळीज भाजून म्हसोबाला ठिवते. थुकंल त्यो."

बोलली खरी, पण राती झोपताना नळीला धक्का लागू नये म्हणून त्याच्या आणि आपल्या मध्ये हात आडवा टाकून झोपायला लागली.

जत्रा आली. धुळानं निवडलेलं बकरं आठवड्यामागं चारा सोडून पाठ वाकवून उभं होतं. आता पुन्हा पाला ओरबाडत होतं.

"ह्याला ऱ्हाऊ द्या अजून," भामाबाई म्हणाली. "दुसरं धरा. आतनं बरं झालंय का न्हाई कुनाला दिसतंय?"

"त्वांड हालतंय न्हवं? मग बरं झालं. तू बी डाक्टरीन झालीस व्हय गं?"

बकरं पडलं, लिंबाला टांगलं. भावकी गोल करून उभी राहिली. धुळानं नेहमीच्या ऐटीत पोट उघडलं, दोन बोटं आत घातली आणि थबकला. बोटांना वाटच मिळेना. पिशवी फुगलेली, साल जाड, लालभडक, आणि काळजाला अशी धरून बसलेली, जसा कापडाला वितळलेला गूळ. शहाण्यानं तिथंच हात काढला असता. पण सगळी बघत होती. त्यानं हिसका दिला.

पिशवी फुटली. हिरवं पाणी काळजावरनं ओघळलं, त्याच्या मनगटावरनं कोपरापर्यंत आलं. मग मागनं धनाजी म्हणाला, "आबा, दोन म्हैनं थांबाय पायजे हुतं."

हसू असं फुटलं की ढोलवाल्यांनी ढोल थांबवला.

"गप ए, भाड्या!" धुळा ओरडला, पण आवाजाला धार नव्हती. भामाबाई हसली नाही. तिनं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी ओतलं. हात धुताना त्यानं एकदा मनगटाकडं बघितलं, एकदा कमरेच्या थैलीकडं. रंग एकच होता. त्या वर्षी देवाला घास गेला तो गावातल्या येडगे भावकीच्या बकऱ्याचा, ज्या येडग्यांना धुळानं कधी माणसात धरलं नव्हतं.

नळीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. ऑपरेशनला दिलेल्या दिवशी भामाबाई उठायच्या आत तो पटका बांधून दारात बसला होता.

सांगलीत डॉक्टरणीच्या हाताकडं त्यानं नाक मुरडून बघितलं. "ह्या हातानं भाकरी तरी थापती का गं? सूज उतरली?"

"बरीच उतरलीय. थोडं चिकटलेलं असणारच, ते सावकाश सोडवू."

"हिसका देऊ नगंस."

"नाही देत."

"चार मानसं बघत्यात म्हनून तर मुळीच देऊ नगंस."

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय मागितलं, तर पिशवी. राजेश्वरीनं बरणीतली दाखवली. त्यानं ती उजेडाकडं धरली, फिरवली, आणि एक भोक सापडल्यावर त्याचे डोळे लकाकले.

"ते नळीचं आहे, आजोबा."

तो दुसरं शोधत बसला. बराच वेळ शोधलं. भामाबाई खाटेच्या कडेला बसलेली. शेवटी त्यानं बरणी परत केली.

"बकऱ्याची ह्याच्यापरास देखनी असती," धुळा म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून गाढ झोपला.