न धुतलेला पंप

मित्रांनो, ही चूक माझी आहे, म्हणून मीच सांगतो.

घरामागे बायकोने वांगी, टोमॅटो, गवार लावली होती. मोठ्या आजारपणानंतर ती अंथरुणातून उठली, ती या रोपांना पाणी घालायला. पहिली कळी दिसली तेव्हा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली.

परवा रोपांवर माव्याची कीड दिसली. मी शेजारच्या भाऊसाहेबांचा पंप आणून निंबोळी अर्क फवारला. आज सकाळी सगळे शेंडे पिळवटलेले.

भाऊसाहेब वाकून बघत म्हणाले, "मास्तर, उसाला तणनाशक मारल्यालं हुतं ह्या पंपानं. धुतला न्हाई व्हय?"

"तुम्ही सांगायचं तरी."

"गावोगाव इषमुक्त शेतीवर भाषणं तुमी देता. आमी काय सांगायचं तुमाला?"

बायकोने एकेक रोप उपटायला घेतलं. सगळी रोपं उपटून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "आता सकाळी कशासाठी उठू?"

व्यासपीठावर मला कधी शब्द कमी पडले नाहीत. आज एकही सापडला नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, तिला काय उत्तर देऊ?