मोंढा गावात आणला त्या दिवशी

वसमतच्या मोंढ्याबाहेर, म्हणजे शेतमालाच्या बाजाराबाहेर, आमचं बारदान्याचं दुकान आहे. नवी-जुनी पोती विकायची, फाटकी शिवून द्यायची, हे काम. हळदीच्या हंगामात मला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे शहर कशासाठी असतं, असल्या प्रश्नात मी कधी पडले नव्हते. पाडलं ते माझ्या धाकट्या भावाने.

तो कुरुंद्याच्या पुढे एका लहान गावात शेती करतो. मोंढ्याकडचा रस्ता आणि त्याच्या कडेची गटार नव्याने बांधायला राज्याकडून पैसे येणार, ही बातमी त्याच्या गावात पोचली आणि माणसं भडकली. त्यांच्या ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात शाळेची पोरं ओढा उतरेपर्यंत अलीकडेच बसून राहतात. राग खोटा नव्हता. गावाने निवेदन तयार केलं : आधी गावाचा पूल, तोवर शहराचं काम थांबवा.

भाऊ दुकानात येऊन मलाच विचारू लागला, "आक्का, तुमच्या गटारीला पैसे हाईत, आमच्या पुलाला न्हाईत. काहून? हळद आमी पिकवतो. तुमी नुसती पोत्यात भरता."

मी म्हटलं, मग न भरता विकून दाखव.

हे त्याने मनावर घेतलं. आठवड्याभरात गावाचं ठरलं, की यंदा हळद वसमतला न्यायचीच नाही. व्यापाऱ्यांना गावात बोलवायचं आणि शाळेच्या मैदानावर बीट लावायचं, म्हणजे ढीग मांडून बोली करायची. ज्याने विषय काढला त्याचा ढीग पहिला, हा रिवाज. म्हणजे भावाचा. वर्षाची सगळी हळद. तिच्यावर पुतणीचं नांदेडचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आणि शेतातलं नवं ठिबक, दोन्ही अवलंबून होतं. भावजयीने मला फोन करून सांगितलं, वन्सं, तुमी तरी समजावा. मी तिला म्हटलं, तो आता ऐकायच्या पलीकडे गेलाय. मी बिटाच्या दिवशी येते.

गेले. मैदान झाडून घेतलं होतं, मंडप होता, चहा होता. फोन पुष्कळ व्यापाऱ्यांना केले होते. आले तिघे, आणि तिघेही एकाच गाडीतून. तिघे एकाच गाडीतून उतरताना पाहिले आणि यांच्यात चढाओढ व्हायची नाही, हे मला कळून चुकलं. एकाने हळदीची कांडी मोडून रंग पाहिला आणि भाव सांगितला. दुसऱ्याने त्यावर नावापुरते पैसे चढवले. तिसरा फोन बघत बसला. वसमतला आदल्या दिवशी निघालेल्या भावापेक्षा हा बराच खाली होता.

व्यापाऱ्यांना शिव्या द्यायचा मोह सगळ्यांना झाला, पण त्यांच्यातल्या वयस्क माणसाने सरळ सांगितलं, "भाऊ, माल घेतला तर उचलणार कोण? इथं हमाल न्हाई, काटा न्हाई, गोडाऊन न्हाई. तो खर्च भावातूनच कापावा लागतो." बोलणं चुकीचं नव्हतं.

भाऊ ढिगाजवळ उभा होता. मागून कोणी तरी म्हणालं, "दे की आता. पहिलाच ढीग मागं घेतला तर बाकीच्यानं काय करावं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भर. पोती टेम्पोत हाईत."

"पोती कशाला आणली होती?"

"माझा धंदाच हाय तो."

"झाला बाबा वसमतकर," मंडपातून आवाज आला. भाऊ पोती भरू लागला.

दुसऱ्या दिवशी हळद मोंढ्याकडे निघाली आणि तिथल्या फाटकाच्या अलीकडे ट्रॉलीचं चाक फुटक्या गटारीत गेलं. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. हमालांनी पाठीवरून माल आत नेला, तरी खालच्या थरातली पोती गटारीच्या पाण्यात भिजलीच. ती वेगळी काढावी लागली आणि मातीमोल भावाने गेली.

कोरड्या मालाचं मात्र चांगलं झालं. मसालेवाल्याला रंग हवा होता, परराज्यात माल पाठवणाऱ्याला लांब कांडी, तिसऱ्याला ट्रक भरायला थोडाच माल कमी पडत होता. एकाच ढिगावर इतकी माणसं आपापल्या गरजेने बोलत होती, म्हणून भाव चढत गेला. ही माणसं एका जागी जमतात, कारण तिथे काटा आहे, बँक आहे, गॅरेज आहे, खानावळ आहे, आणि पोतीही आहेत. यातलं एकेक उचलून गावात नेता येत नाही. जमणं हीच शहराची कमाई, आणि राज्याचा करही अशा जागीच गोळा होतो. पण ज्या रस्त्यावर तीन तालुक्यांच्या गाड्या चालतात, तो वसमतच्या घरपट्टीतून कसा दुरुस्त व्हावा? तिथे राज्यानेच हात दिला पाहिजे. तो रस्ता माझ्या भावाच्या गावाचाही आहे. त्या दिवशी तर माझ्यापेक्षा त्याचा जास्त होता.

पुढच्या ग्रामसभेत भाऊ उभा राहिला. भावजयीने मला जसं सांगितलं तसं सांगते. तो म्हणाला, "पूल मागू, जोर लावून मागू. पण त्यांचं काम अडवून न्हाई. माझी हळद त्याच गटारीत भिजली."

"बहिणीच्या पोत्याची जाहिरात करून राहिला," एक जण बोलला.

"करून राहिलो. स्वस्त हाईत, घ्या."

बरीच वादावादी झाली. शेवटी निवेदनातून 'शहराचं काम थांबवा' एवढी ओळ काढली. काहींनी तरीही सही केली नाही, आणि दोन घरं भावाशी अजून नीट बोलत नाहीत. मोंढ्याचा रस्ता एका बाजूने झाला आहे. पुलाच्या जागेची मोजणी झाली, पूल नाही. त्यासाठी भाऊ चकरा मारतो आणि कागद टाइप करून घ्यायला वसमतलाच येतो.

पुतणीचं शेवटचं वर्ष पार पडलं. भिजलेल्या पोत्यांपायी ठिबक तेवढं राहून गेलं. म्हणून पुढच्या हंगामात भावाने हळद कमी लावली आणि उरलेल्या रानात सोयाबीन पेरलं.