रक्ताच्या नळ्यांपुढचं गाऱ्हाणं

रविवारी लालबागच्या आमच्या घरात एक वेगळीच पूजा झाली. देव्हाऱ्यापुढे नारळ, आणि नारळाशेजारी माझ्या रक्ताच्या दोन नळ्या...

आईचा कॅन्सर कळला तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून माझ्या डॉक्टरांनी मला एक नवी ब्लड टेस्ट सुचवली. रक्तात उतरलेल्या कॅन्सरच्या बारीक खुणा ती शोधते म्हणे, त्रास सुरू व्हायच्या आधीच. ती चुकूही शकते, बाकीच्या तपासण्या सोडायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावलं. मी मान डोलावली.

सॅम्पल घ्यायला आलेल्या ताईंनी सुई कधी टोचली, कळलंच नाही. त्या नळी हळूहळू उलटसुलट करत होत्या, खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, आणि मी त्या लाल रंगाकडे बघत कुठेतरी तरंगत होते. आई असती तर आत्ता काय म्हणाली असती... पोहे खाऊन घे, एवढंच बहुतेक.

तेवढ्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, कुंकवाचा करंडा घेऊन आले. आमच्या मालवणी घरात गाडी येवो की फ्रिज, देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने साकडं, घातल्याशिवाय पान हलत नाही! त्यांचं बोट थेट नळीकडे.

"काका, लेबलवर नको हां, बारकोड स्कॅन नाय होणार," ताई घाईघाईने म्हणाल्या. "बॉक्सला लावा."

अप्पांनी बॉक्सला कुंकू लावलं, नळ्या नारळाशेजारी ठेवून हात जोडले. ते काय मागणार, मला ठाऊक होतं. मीही कितीतरी दिवस तेच मागत होते... काही निघू नये.

"बा देवा म्हाराजा, हिच्या आवशीचा आमका लय उशिरा कळला. हिच्या अंगात काय असात, तर येळेर दाखव रे म्हाराजा!"

आई गेल्यापासून तिच्या आजाराबद्दल अप्पा एक शब्द बोलले नव्हते.

गाऱ्हाण्याला घरातल्यांनी होकार द्यायचा असतो. घरात आम्ही दोघंच, आणि मी अजून अप्पांकडेच बघत होते... शेवटी नळ्या बॉक्समध्ये ठेवता ठेवता त्या ताईच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" त्याही मालवणच्याच निघाल्या. मग कुठे माझ्या तोंडूनही ते निघालं.

रिपोर्ट अजून यायचा आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू... पण हल्ली देवापुढे उभी राहिले की मीही अप्पांचंच मागणं मागते... काही असेल, तर वेळेवर दाखव.